प्रवासात लॅपटॉपला नेट: डोंबिवलीहून निघताना मी काय काय करते

क्लायंटची कराची रिटर्न भरून देणं हे माझं काम. टीडीएस भरायची तारीख 7, जीएसटीच्या बिलांचं रिटर्न जीएसटीआर-1 ची 11, जीएसटीचंच दुसरं रिटर्न 3बी ची 20. मी राहते डोंबिवलीत, ऑफिस दादरला, आणि क्लायंट चिपळूण, नाशिक, पुण्यात विखुरलेले. या तारखा जवळ आल्या की मी घरी असेनच असं नाही. गाडीत, लॉजवर, क्लायंटच्या गोदामात, जिथे असेन तिथे लॅपटॉप उघडून काम संपवावं लागतं. तारीख हुकली तर लेट फी क्लायंटला बसते, आणि ते मला अजिबात चालत नाही.

या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. नेट वाटेत मिळेल या भरवशावर निघू नये, सोबत घेऊन निघावं. आणि वेगाच्या मागे फार लागू नये. रिटर्न भरणं, मेल पाठवणं, बँकेचं स्टेटमेंट उतरवणं, याला 2 एमबीपीएस मिळालं तरी भागतं. जीव जातो तो नेट मध्येच तुटल्यावर. ओटीपी आला, टाकला, आणि पानावरचं चक्र नुसतं फिरतंय, ही वेळ येऊ नये यासाठी पुढचं सगळं.

आधी सिमचं बघा

वेगळं काही विकत घेण्याआधी आपल्या फोनकडे बघा. दोन सिमचा फोन असेल तर दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. मुंबईत हा फरक फारसा जाणवत नाही, माणगाव मागे पडलं की जाणवतो. एका कंपनीची रेंज जिथे संपते तिथे दुसरीची बऱ्याचदा असते. कुठल्या गावात कोणाचं सिम चालतं हे जाहिराती बघून ठरवू नका. कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे आता आपापल्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, ते जरूर बघा. पण खरं उत्तर गावातला माणूस देतो. मी निघायच्या आधी क्लायंटला फोन करून सरळ विचारते, "दादा, तुमच्याकडे कुठलं सिम चालतं? आणि आत गोदामातही चालतं का?" दुसरा प्रश्न विसरू नका. रस्त्यावर चार दांड्या दिसतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये शिरलं की एकच उरते.

दुसऱ्या सिमवर मोठा प्लॅन लागत नाही. ते चालू राहील एवढं रिचार्ज ठेवायचं आणि निघायच्या आदल्या दिवशी डेटा पॅक टाकायचा. डेटा पॅक टाकायला बहुतेक वेळा मूळ प्लॅन चालू असावा लागतो, म्हणून त्याची मुदत आधी तपासा.

रोजच्या डेटाची मर्यादाही लक्षात ठेवा. दीड किंवा दोन जीबी संपले की नेट पूर्ण बंद होत नाही, साधारण 64 केबीपीएसवर येतं. ऐकायला ठीक वाटतं. पण हिशेब मांडून बघा: त्या वेगाने 2 एमबीची एक पीडीएफ चढायला चार मिनिटांच्या वर लागतात, तेही मध्ये तुटलं नाही तर. तोवर पोर्टलने आपल्याला बाहेर काढलेलं असतं. "अनलिमिटेड 5जी" लिहिलेला प्लॅन असला तरी फोन 4जीवर असताना वापरलेला डेटा रोजच्या कोट्यातूनच जातो, आणि शहराबाहेर फोन बराच वेळ 4जीवरच असतो. कोटा रात्री बाराला नव्याने सुरू होतो, हे रात्रीच्या गाडीत फार कामी येतं.

डोंगल, म्हणजे सिम घालून वायफाय देणारं छोटं यंत्र, घ्यावं का, असं मला नेहमी विचारतात. तीन-चार जण एकत्र काम करणार असाल तर घ्या. एकट्या माणसाला मी घरात पडून असलेला जुना फोन सुचवेन. त्यात दुसरं सिम घालायचं, बाकी ॲप काढून टाकायची, आणि तो फक्त हॉटस्पॉटसाठी ठेवायचा. मोठी बॅटरी, मोठा स्क्रीन, रेंज किती आहे ते दिसतं, आणि आपल्या रोजच्या फोनचं चार्जिंग वाचतं.

हॉटस्पॉटपेक्षा केबल

लॅपटॉप फोनला जोडायचे तीन मार्ग आहेत: वायफाय हॉटस्पॉट, ब्लूटूथ आणि यूएसबी केबल. ब्लूटूथ फार हळू चालतं, अगदी अडल्यासच वापरा. वायफाय हॉटस्पॉट सगळे वापरतात. मी केबलवाली आहे.

कारण सांगते. भरलेल्या डब्यात प्रत्येकाच्या फोनचं वायफाय, ब्लूटूथ, इअरफोन, सगळं 2.4 गिगाहर्ट्झवर बोलत असतं. त्या गर्दीत आपला हॉटस्पॉट अडखळतो आणि आपण मात्र टॉवरला दोष देत बसतो. केबलमध्ये हा मधला टप्पाच नाही. शिवाय फोन लॅपटॉपवरून चार्ज होत राहतो आणि हॉटस्पॉटइतका तापत नाही. हॉटस्पॉटच वापरायचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये बँड 5 गिगाहर्ट्झ करा. तो भिंतीपलीकडे नीट पोचत नाही, पण फोन मांडीवर आणि लॅपटॉपही मांडीवर असताना पलीकडे जायचंय कशाला?

केबल कशी जोडायची ते नीट सांगते, कारण बरेच जण इथेच अडकतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या आत "हॉटस्पॉट अँड टिदरिंग" असतं, त्यात "यूएसबी टिदरिंग"चं बटण. फोन लॅपटॉपला जोडलेला नसेल तर ते बटण फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही. जोडूनही फिकटच राहिलं तर दहापैकी नऊ वेळा दोष केबलचा. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त केबलींमध्ये पुष्कळ केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो म्हणून केबल चांगली आहे असं आपल्याला वाटत राहतं. लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुकानदाराला "डेटा केबल" म्हणून मागा, फोन आणि लॅपटॉप सोबत न्या, आणि काउंटरवरच जोडून ते बटण चालू होतंय का बघा. पैसे त्यानंतर द्या. अशा दोन केबली बॅगेत ठेवा.

आयफोन असेल आणि लॅपटॉप विंडोजचा, तर केबलने नेट घ्यायला ॲपलचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये असावं लागतं, आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेस. ते घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. मॅकबुक आणि अँड्रॉइड ही जोडी केबलवर बहुतेक वेळा जमत नाही, तिथे हॉटस्पॉटच. आयफोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिसत नसेल तर पर्सनल हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवून मग शोधा.

माझ्यासारखं डिजिटल सिग्नेचरचं टोकन (रिटर्नवर सही करायचं, पेनड्राइव्हसारखं यंत्र) वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. बऱ्याच नव्या लॅपटॉपला यूएसबीचे दोनच पोर्ट असतात. एकात टोकन, एकात फोन, मग माउस कुठे लावणार? छोटा यूएसबी हब सोबत ठेवा, पण टोकन थेट लॅपटॉपलाच लावा आणि माउस हबवर ढकला. टोकन हबमधून हललं की एमसाइनर, म्हणजे सही करणारं सॉफ्टवेअर, ते ओळखत नाही आणि सही अर्ध्यावर अडकते.

हॉटस्पॉटला पासवर्ड ठेवाच, तोही लांब. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. 2008 साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि तपास आधी त्या घरापाशी येऊन थांबला. आपल्या जोडणीवरून कोणी काय केलं याचा जाब पहिल्यांदा आपल्यालाच विचारला जातो.

डेटा कोण खातं

लॅपटॉपला कळत नाही की आता आपण मोजून मिळणाऱ्या नेटवर आहोत. त्याला तसं सांगावं लागतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग जोडलेल्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीज. तिथे "मीटर्ड कनेक्शन" चालू करा. बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही थांबतं. मात्र केबलने जोडलेला फोन विंडोजला वायफाय म्हणून दिसत नाही, इथरनेट म्हणून दिसतो. त्यामुळे इथरनेटच्या पानावर जाऊन हेच सेटिंग पुन्हा करावं लागतं. काही फोन दर वेळी नवीन नेटवर्क म्हणून दिसतात, म्हणून जोडल्यावर एकदा बघायची सवय लावा. मॅकमध्ये याच कामासाठी "लो डेटा मोड" आहे. फोनमधलं फोटोंचं बॅकअपही बंद करा.

मीटिंगचा हिशेब सोपा आहे. 1 एमबीपीएस सतत तासभर चाललं की 450 एमबी होतात. व्हिडिओ मीटिंगमध्ये डेटा जातो आणि येतोही, म्हणजे दोन्ही बाजूंनी 1 एमबीपीएस धरलं तर तासाला 900 एमबी. रोजच्या दीड जीबीमधले निम्म्याहून जास्त एका मीटिंगमध्ये संपले. गाडीत असताना कॅमेरा बंद ठेवा, समोरच्यांना आधीच सांगून ठेवा. निमंत्रणात फोन नंबर दिलेला असेल तर सरळ तिथे फोन लावून ऐका. डेटा लटकला असतानाही साधा कॉल पुष्कळदा टिकतो.

आणि स्पीड टेस्ट सारखी करू नका. चांगल्या 5जीवर एकेका टेस्टला शंभर एमबीच्या वर सहज जातात.

बोगदे आणि घाट

पुण्याला जाताना कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत, नाशिकला जाताना कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत नेटची अपेक्षाच ठेवू नका. कर्जतला किंवा कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे घाट चढायला जोर देणारं जादा इंजिन, लावायला गाडी थांबते, तेवढ्या मिनिटांत मेल पाठवून टाकायचे, फाइली चढवून टाकायच्या आणि लॅपटॉप मिटायचा. समृद्धीवरून गाडीने जात असाल तर इगतपुरीजवळचा बोगदा 7.78 किलोमीटरचा आहे, हे मीटिंगला "हॅलो" म्हणण्याआधी लक्षात घ्या.

कोकण रेल्वे ही वेगळीच परीक्षा. 741 किलोमीटरच्या या मार्गावर 90 हून जास्त बोगदे आहेत. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा चार किलोमीटरांहून लांब, रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. ताशी 80 च्या वेगाने करबुडे पार करायला पाच मिनिटं लागतात, आणि बाहेर आल्यावर फोनला टॉवर सापडेपर्यंत आणखी थोडा वेळ. बोगद्यातून बाहेर पडूनही रेंज दिसत असताना नेट चालत नसेल, तर फोन दहा सेकंद एअरप्लेन मोडवर टाकून परत काढा. हे केल्यावर हॉटस्पॉट किंवा टिदरिंग बंद पडतं, ते पुन्हा चालू करायचं.

धावत्या गाडीत मी फोनचं नेटवर्क 4जीवर बांधून ठेवते. सेटिंग्जमध्ये "प्रेफर्ड नेटवर्क टाइप" असतं, तिथे 5जी काढून 4जी निवडायचं. 5जी आणि 4जीच्या मध्ये फोन सारखा उड्या मारत असतो आणि दर उडीला जोडणी क्षणभर लटकते. वेग थोडा कमी मिळतो, पण पोर्टल टिकून राहतं. फोन खिडकीशी ठेवा, पण उन्हात नको. तापला की तो स्वतःच हळू होतो. एसी डब्यात बंद काच आणि धातूचं शरीर यामुळे रेंज आणखी कमी मिळते, म्हणून काम असेल त्या दिवशी मी खिडकीची जागाच घेते.

सगळ्यात महत्त्वाचं हे की नेट नसतानाही काम चालू राहील अशी मांडणी करा. जीएसटीआर-1 चं ऑफलाइन टूल आहे, त्यात सगळी बिलं भरून जेसॉन फाइल तयार ठेवता येते. ती मी गाडीत, बोगद्यातही, निवांत बनवते. नेट फक्त फाइल चढवायला आणि शेवटच्या सहीला लागतं, ते काम चिपळूण स्टेशनवर उतरून केलं तरी चालतं. गुगल डॉक्स वापरत असाल तर निघायच्या आधी त्या फाइली ऑफलाइन करून घ्या. आणि ओटीपी क्लायंटच्या फोनवर जाणार असेल तर त्या वेळी त्यालाही रेंज असायला हवी! दुपारी तीनला ओटीपी येईल, बाजारातच थांबा, शेतावर जाऊ नका, असं मी आदल्या दिवशीच सांगून ठेवते.

चार्जिंगचं विसरू नका. लांबच्या गाड्यांत रात्री 11 ते पहाटे 5 पर्यंत चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवले जातात. 20,000 एमएएचची पॉवर बँक फोन दोन-तीनदा भरते. लॅपटॉपही चार्ज करायचा असेल तर टाइप-सी पीडी लिहिलेली आणि लॅपटॉपला पुरेल एवढ्या वॉटची घ्या.

स्टेशनचं वायफाय

गुगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांच्या मोफत वायफायचं पहिलं स्टेशन आपलं मुंबई सेंट्रल, जानेवारी 2016 मध्ये. आता रेलटेलचं "रेलवायर" देशभरात 6,000 हून जास्त स्टेशनांवर आहे. नेटवर्क निवडायचं, ब्राउझरमध्ये पान उघडतं, मोबाइल नंबर द्यायचा, ओटीपी टाकायचा. रोजची पहिली 30 मिनिटं फुकट मिळतात, पुढे पैसे भरून. फलाटावर आणि वेटिंग रूममध्ये चालतं, गाडी सुटली की सुटलं. मोठी फाइल उतरवायची असेल आणि गाडी लेट असेल तर उत्तम.

ते ओटीपीचं पान उघडतच नाही ही तक्रार फार ऐकते. त्याचं कारण असं: हे पान दाखवायला वायफायवाले आपली साधी, कुलूपबंद नसलेली एचटीटीपीची मागणी मध्ये अडवतात. आजकाल जवळजवळ सगळ्या साइट कुलूपबंद एचटीटीपीएसवर असतात, त्या अशा अडवता येत नाहीत, म्हणून नुसता एरर दिसतो. आधी व्हीपीएन (आपला डेटा झाकून नेणारं ॲप) वापरत असाल तर बंद करा, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) स्वतः बदललेला असेल तर "ऑटोमॅटिक"वर आणा, आणि मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम टाका. ती साइट मुद्दाम साधी ठेवलेली आहे, तिच्यावर लॉगिनचं पान हटकून उघडतं. लॉगिन झालं की व्हीपीएन परत चालू करा.

सार्वजनिक वायफायवर मी बँक, जीएसटी, इन्कम टॅक्स काहीही उघडत नाही. स्टेशनच्या नावाशी मिळतंजुळतं नाव देऊन कोणीही हॉटस्पॉट चालू करू शकतो. सर्टिफिकेटची सूचना आली तर "तरीही पुढे जा" कधीही दाबू नका. विंडोज विचारेल तेव्हा नेटवर्क "पब्लिक" निवडा, म्हणजे आपल्या फाइली शेजारच्याला दिसत नाहीत. क्लायंटचे आकडे आपल्याकडे विश्वासाने दिलेले असतात.

लॉज, विमान, आणि महाराष्ट्राबाहेर

लॉजवाल्याला "वायफाय आहे का" विचारू नका, "खोलीत चालतं का" विचारा. अनेक ठिकाणी ते काउंटरपाशीच असतं. पैसे देण्याआधी खोलीत जाऊन फोनवर बघा, आणि फोनच्या सिमची रेंजही त्याच वेळी बघून घ्या.

विमानात उड्डाण 3,000 मीटरच्या वर गेल्यावर आणि वायफायची सोय असलेल्या विमानातच नेट मिळतं. एअर इंडियाने जानेवारी 2025 पासून देशांतर्गत काही विमानांत ते दिलं आहे. त्यावर काम ठेवू नका. पॉवर बँक मात्र हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

जम्मू-काश्मीर आणि लडाखला जाणार असाल तर आपलं इथलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. पोस्टपेडवर जायला वेळ लागतो, म्हणून तिकीट काढलं की लगेच त्या कामाला लागा.

परदेशी जाताना डेटासाठी तिथलं ई-सिम घ्या आणि आपलं भारतीय सिम काढू नका. त्याचं डेटा रोमिंग बंद, पण लाइन चालू, म्हणजे बँकेचे ओटीपी येत राहतात. रोमिंग सुरू आहे ना, हे इथूनच कंपनीकडून पक्कं करून घ्या. ई-सिम घेताना त्यावर हॉटस्पॉट चालतो का ते वाचा, काहींवर चालत नाही आणि मग लॅपटॉप कोरडाच राहतो. ई-सिम फोनमध्ये घालायलाही नेट लागतं, म्हणून ते काम घरच्या वायफायवर, बॅग भरायच्या आधी.